मदत हवी आहे: अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरते, पाय उचलला की थांबते

नमस्कार मंडळी,

गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, मॅन्युअल गिअरची. ८४ हजार किलोमीटर झालेत. गणपतीनंतर तिला एक थरथर लागली आहे. तिसऱ्या-चौथ्या गिअरला, पन्नासच्या पुढे, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडीचं तोंड डावी-उजवीकडे हलतं. डॅशबोर्डवर ठेवलेला चष्म्याचा डबा सरकत सरकत खाली पडतो. पाय उचलला की त्याच क्षणी सगळं शांत. सपाट रस्त्यावर ऐंशीला एकसारखी धरली तर फारसं जाणवत नाही, चढाला मात्र हैराण करते.

आतापर्यंत चारही चाकांचं बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घेतलं, पुढचे टायर मागे टाकून पाहिले, स्पार्क प्लग नवे घातले. फरक शून्य. एक मेकॅनिक म्हणतो तिन्ही इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते रबरी आधार) बदला, दुसरा म्हणतो क्लच प्लेट गेली. दोन्ही कामं केली तर वीस हजारांच्या घरात जाईल.

दर पंधरा दिवसांनी वडिलांना तपासणीसाठी चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराडला न्यावं लागतं. मागच्या खेपेला घाटात ते दाराचं हँडल घट्ट धरून बसले होते, बोलले काहीच नाहीत. पुढच्या खेपेच्या आत दुखणं कळलं तर बरं होईल. कुणाला असा अनुभव आहे का?

प्रतिसाद १

अंदाजाने पार्ट बदलू नका. आधी तीन गोष्टी सांगा. चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो का? गाडी उभी असताना, न्यूट्रलला, इंजिन हलतं का? पहिल्या गिअरला क्लच सोडताना गाडी हिसके देते का?

दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट पेटत नाही. स्कॅनर लावला की कुठला सिलिंडर ते कळतं, पी०३०२ कोड आला म्हणजे दोन नंबरचा. त्याची कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) काढून तीन नंबरवर लावायची. कोड तीनवर गेला तर दोष कॉइलचा. आणि दिवा लुकलुकत असताना गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं.

क्लचचा हिसका गाडी जागची हलताना येतो, साठच्या स्पीडला चौथ्या गिअरमध्ये नाही. चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं असेल तर ठराविक स्पीडला गाडी थरथरतेच, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असो वा नसो. ब्रेक दाबल्यावरच हलली तर डिस्क पाहायची.

धागालेखक

दिवा लागत नाही. सिग्नलला उभी असताना इंजिन शांत असतं. क्लचही मऊ उचलतो. आणखी एक लक्षात आलं, मागे तिघं बसले की थरथर वाढते.

प्रतिसाद २

माझ्या गाडीला कॉइल बदलून फरक पडला होता. पण तिचा दिवा लागत होता, तेव्हा तुमचं वेगळं असावं.

प्रतिसाद ३

दादा, तुम्ही शेवटी जे लिहिलंत ना, मागे माणसं बसली की वाढते, त्यात उत्तर आहे. माझं बोट ड्राइव्ह शाफ्टच्या (गिअरबॉक्समधून चाकाला ताकद देणारा दांडा) आतल्या जॉइंटवर आहे, गिअरबॉक्सच्या बाजूच्या.

बऱ्याच फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांत या जॉइंटमध्ये तीन रोलर असतात आणि ते एका वाटीतल्या तीन खाचांत मागेपुढे सरकतात. वर्षानुवर्षं ताकद घेऊन त्या खाचांत खड्डे पडतात. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ताण येतो, रोलर खड्ड्यात अडकत अडकत फिरतो आणि चाकाच्या एका फेऱ्याला तीन धक्के बसतात. पाय उचलला की ताण गेला, धक्काही गेला. मागे वजन पडलं की गाडीचं तोंड वर येतं, शाफ्टचा कोन वाढतो, म्हणून थरथरही वाढते. बाहेरचा जॉइंट गेला असता तर स्टीअरिंग पूर्ण वळवून निघताना कट-कट आवाज आला असता.

गाडी स्टँडवर घ्यायला सांगा, नुसत्या जॅकवर कुणालाही खाली जाऊ देऊ नका. दोन्ही बाजूंच्या आतल्या जॉइंटवरचे रबरी बूट (ग्रीस आत ठेवणारी घडीची आवरणं) बघा, फाटलेत का, आजूबाजूला ग्रीस उडालंय का. मग शाफ्ट जॉइंटजवळ धरून वर-खाली हलवायला सांगा आणि दोन्ही बाजूंचा खेळ, म्हणजे सैलपणा, ताडून बघा. जॉइंट उघडल्याशिवाय खात्री होत नाही, पण माउंटिंगचे पैसे आताच घालू नका.

आणि हे टाळू नका. जॉइंट पूर्ण सुटला तर इंजिन फिरत राहतं, गाडी पुढे जात नाही. चढावर गिअरमध्ये लावून ठेवलेली गाडीही धरत नाही. घाटात हे नको.

धागालेखक

काल गाडी वर घेतली. डाव्या बाजूचा आतला बूट घडीत चिरलेला होता, गिअरबॉक्सच्या पोटावर काळं ग्रीस उडालेलं. चिमटीत धरून चोळलं तर वाळूसारखी कचकच लागली. उघडल्यावर मेकॅनिकने माझं बोट त्या खाचेत फिरवलं, नख अडकेल इतका खड्डा. पावसाळाभर चिखलपाणी आत जात होतं.

आतला जॉइंट, बूट आणि ऑइल सील नवं टाकलं, गिअर ऑइल भरलं. मजुरीसकट साडेसहा हजार. आज वडिलांना घेऊन कुंभार्ली चढलो. चष्म्याचा डबा जागचा हलला नाही, आणि वडील पोफळीपासूनच झोपले होते. प्रतिसाद ३ वाले दादा, मनापासून आभार.

एकच शंका. उजव्या बूटवर बारीक भेगा आहेत, पण फाटलेला नाही. नुसता बूट बदलून चालेल का?

प्रतिसाद ३

वाचून फार बरं वाटलं. उजवा जॉइंट उघडून ग्रीस बोटावर घ्या. कचकच नसेल आणि खाच गुळगुळीत असेल तर जॉइंट धुऊन नवा बूट, नवी क्लिप आणि बूटसोबत येतं तेच ग्रीस भरा. हे काम या महिन्यातच उरका, भेग पडलेला बूट पुढचा पाऊस काढत नाही.