विषय : पार्किंगमधे झोपणारे पाहुणे (आपला सोसायटी ग्रुप)

*ए-३०४ :* सेक्रेटरीसाहेब, काल रात्री ११ ला घरी आलो तर माझ्या स्लॉटच्या मागे भिंतीला लागून दोघंजण चादर अंथरून झोपलेले. रजिस्टरला एंट्री नाही काही नाही. कोण आहेत? उद्या काही झालं तर जबाबदार कोण?

*सेक्रेटरी :* नाईटच्या वॉचमनची बहीण आणि मेहुणा आहेत, परभणीकडून आलेत. मेहुण्याला तोंडाचा कॅन्सर आहे, टाटाला रेडिएशन सुरू झालंय. मी परवानगी दिलीये, जागेची सोय होईपर्यंत.

*ए-३०४ :* माणुसकीला माझा विरोध नाही हो. पण आपण परळमधे राहतो, टाटा हाकेच्या अंतरावर. आज दोन उद्या दहा येतील, मग? आणि तिथे झोपणं धोक्याचं पण आहे, मी गाडी रिव्हर्स घेतो तेव्हा खाली झोपलेला माणूस दिसत नाही. ऑफिसमधे झोपवा पाहिजे तर, पण आधारची झेरॉक्स घ्या आणि एंट्री करा.

*बी-१००४ :* मला एक कळत नाही, एवढा मोठा आजार तर हॉस्पिटल ॲडमिट का करून घेत नाही?

*ए-९०३ मावशी :* कारण रेडिएशनला ॲडमिट लागत नाही. रोज जायचं, मशीनखाली काही मिनिटं, की बाहेर. पण ते रोज म्हणजे सोमवार ते शुक्रवार आणि असे सहा-सात आठवडे. मधे खंड पडलेला चालत नाही, त्यामुळे गावाला जाऊन येऊ म्हणायची पण सोय नाही. परळ-दादरला राहणाऱ्याला काही वाटणार नाही पण परभणीच्या माणसाने एवढे दिवस राहायचं कुठे, लॉजला रोजचे पैसे कुठून आणायचे? हॉस्पिटलबाहेरच्या फूटपाथवर जी माणसं दिसतात ना त्यातली बरीचशी अशीच आहेत, ट्रीटमेंट चालू आहे, डॉक्टर चांगले आहेत, औषधाचंही कुठून तरी जमतंय, फक्त रात्रीला छप्पर नाही.

*सी-७०१ :* मावशी मी आजच क्राउडफंडिंगचं पेज बनवतो. पेशंटचा फोटो आणि रिपोर्ट पाठवा कुणीतरी, आपल्या तीन विंगनी शेअर केलं तरी दोन दिवसांत लाखभर होतील.

*ए-९०३ मावशी :* थांब रे बाबा. आधी त्या माणसाला विचार तरी त्याचा फोटो लावू का. चेहऱ्याचं ऑपरेशन झालंय त्याचं. आणि लाखाचं करायचं काय ते तरी ठरव. मी सकाळी खाली जाऊन दोघांशी बोलले. जनरल कॅटेगरीची फाईल आहे, म्हणजे खर्च तसाही कमी. राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसवलं तर ट्रीटमेंटचा बराचसा भाग त्यातूनच निघेल. आता पिवळं केशरी पांढरं कुठलंही रेशनकार्ड असलं तरी कुटुंबाला वर्षाला पाच लाखापर्यंत कव्हर आहे. अडलंय कुठे माहितीये का, भाऊ वेगळे झाले तेव्हा ह्याचं नाव जुन्या कार्डातून कमी झालं आणि नवीन कार्ड अजून तहसीलमधेच आहे. लाखभर जमवून ते कार्ड येणार नाही, तहसीलला कुणीतरी हेलपाटे घालायला पाहिजेत. गावाकडच्या भावाला फोन करून कामाला लावलंय.

*सी-७०१ :* ओके मावशी 🙏 मग राहायचं काय?

*ए-९०३ मावशी :* सांगते, जरा लांबण लागेल. रिटायर झाल्यापासून मी आठवड्यातून दोन दुपारी अशा पेशंटच्या नातेवाईकांसोबत जाते त्यामुळे हे रोजचं झालंय. आपल्या भागात ह्यासाठी जुन्या संस्था आहेत. नाना पालकर स्मृती समिती इथेच परळला, १९६८ पासून. बाहेरगावच्या पेशंटला आणि सोबतच्या माणसाला राहायची सोय, शिवाय कमी दरात डायलिसिस. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. लहान मूल पेशंट असेल तर सेंट ज्यूड म्हणून संस्था आहे, २००६ ला सुरू झाली, तिथे आईबापासकट राहायला मिळतं, पैसे घेत नाहीत, स्वयंपाकाला जागा पण असते. पण कुठेच असं होत नाही की गेलो आणि खोली मिळाली. टाटामधे मेडिकल सोशल वर्कर बसतात, त्यांच्याकडे फाईल घेऊन जायचं, घरची परिस्थिती सांगायची, त्या पत्र देतात. मग ते पत्र घेऊन धर्मशाळेत नंबर लावायचा. मागणी फार असते, दोन-चार दिवस जातातच. ही दोघं आल्यापासून त्या खिडकीवर गेलेलीच नाहीत! अशी काही खिडकी असते हेच त्यांना माहीत नव्हतं. बाई मला म्हणते, आम्हाला वाटलं ते पैसे भरायचं काउंटर आहे.

*बी-२०५ आजोबा :* गिरणगावात बाहेरून आलेल्या माणसाला जेवण आणि पथारीपुरती जागा ही पद्धत जुनीच आहे, आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाळ्यांनी माणसं झोपायची, एक पाळी सुटली की दुसरी आत, आणि जेवायला खानावळवाल्या बाया, कोकणातला घाटावरचा कुणीही आला तरी महिन्याच्या हिशोबावर जेवायचा आणि पगार झाला की फेडायचा, प्रेमाताई पुरवांनी ह्याच बायांना एकत्र करून १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्याआधी ह्या बायांना सावकाराशिवाय कोणी दारात उभं करत नव्हतं. ८२ च्या संपानंतर सगळंच विस्कटलं, आता चाळी गेल्या टॉवर आले आणि रजिस्टरला एंट्री आली, असो. लालबागच्या राजाचं मंडळ पण डायलिसिस सेंटर चालवतं हे इथल्या नवीन लोकांना माहीत नसेल, आणि २०२० ला कोरोनात त्यांनी मूर्ती न बसवता रक्तदान प्लाझ्मादान केलं होतं.

*ए-३०४ :* आजोबा एंट्री माझ्यासाठी नाही, सगळ्यांच्या सेफ्टीसाठी आहे.

*बी-२०५ आजोबा :* मी कुठे तुम्हाला काय म्हणालो.

*डी-५०२ :* मी रोज दोघांचा डबा देऊ शकते. आज मिसळ आहे, पाठवू का? 😊

*ए-९०३ मावशी :* अगं मिसळ नको त्याला! रेडिएशनने तोंड आतून सोलवटतं, पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तर पाणी गिळताना पण आग होईल. मऊ भात, मुगाच्या डाळीचं पातळ वरण, खिमट, शिरा, अंड्याचं चालत असेल तर मऊ ऑम्लेट. तिखट, आंबट, कडक काही नाही, आणि गरम नको, कोमट. ह्या दिवसांत वजन उतरतं आणि अगदीच खाता येईना झालं तर नाकातून नळी घालावी लागते. बहिणीला दे मिसळ, ती बिचारी चार दिवस बिस्किटांवर आहे. दुपारचं मात्र दोघांना टाटासमोर जीवनज्योतवाल्यांकडे मिळेल, ते पेशंट आणि नातेवाईकांना फुकट जेवण देतात. त्यामुळे तू संध्याकाळचं बघ.

*डी-५०२ :* बरं मावशी. जीवनज्योत म्हणजे रद्दीवाले ना? माझ्या जावेच्या सोसायटीतून त्यांना रद्दी जाते.

*ए-९०३ मावशी :* तेच. हरखचंद सावलांची संस्था. उरलेली औषधं, खेळणी, रद्दी, सगळं घेतात. औषधं देताना एक्स्पायरी बघा फक्त, आणि अर्धी वापरलेली सिरपची बाटली देऊ नका, ती देणं म्हणजे त्यांना कचरा टाकायचं काम देणं.

*खजिनदार :* सगळ्यांना आधीच सांगतो, सोसायटीच्या सिंकिंग किंवा रिपेअर फंडातून ह्यासाठी एक रुपया निघणार नाही, ऑडिटरला उत्तर मला द्यावं लागतं. ज्यांना द्यायचंय त्यांनी आपापल्या खिशातून थेट संस्थेला द्या, पावती स्वतःच्या नावाने घ्या. देणगीवर इन्कम टॅक्सची सूट (८०जी) पाहिजे असेल तर दोन हजारावर रोख देऊ नका, सूट मिळत नाही.

*ए-३०४ :* आणि संस्था खरी की खोटी कसं ओळखायचं? हॉस्पिटलबाहेर देणगीचा डबा घेऊन फिरणारे पण बघितलेत मी.

*ए-९०३ मावशी :* बरोबर विचारलंत. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी नंबर पावतीवर छापलेला असतो, तो बघायचा. रोख मागतो आणि पावती नाही म्हणतो त्याला नमस्कार करून पुढे जायचं. आणि पेशंटला "मी खोली मिळवून देतो, पाचशे द्या" म्हणणारे पण असतात, त्यांच्यापासून तर फारच जपायला हवं. ह्या दोघांना एक जण भेटलेला आहे ऑलरेडी. वॉचमनने पळवून लावला.

*बी-१००४ :* मावशी, विषय निघालाय म्हणून. आमच्याकडे कामाला येतात त्या ताईंना गर्भाशयाचं ऑपरेशन सांगितलंय, प्रायव्हेटला फार सांगतात. त्यांना काही होईल का?

*ए-९०३ मावशी :* महापालिकेच्या हॉस्पिटलला नंबर लागत नसेल तर चॅरिटेबल हॉस्पिटल बघा. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्याच लागतात, कायदा आहे. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर निम्मं. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा. पण ॲडमिट होताना पहिल्याच दिवशी सांगायचं, बिल हातात आल्यावर सांगाल तर भांडत बसावं लागतं. पर्सनलवर कॉल करा, कागद सांगते.

*सेक्रेटरी :* ठरवून टाकू. आज रात्रीपासून दोघं ऑफिसमधे झोपतील, आधारची झेरॉक्स घेतली, एंट्री केली. कॉमन टॉयलेटची चावी वॉचमनकडे. १० दिवसांची मुदत, तोवर धर्मशाळेचं नाही झालं तर परत इथे बोलू. कुणाची हरकत?

*ए-३०४ :* हरकत नाही. ऑफिसचा पंखा खडखडतो, तेवढं इलेक्ट्रिशियनला सांगा. मी परत सांगतो, हे लेखी असू द्या. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणासाठी पण हाच नियम.

*बी-१००४ :* आणि ते गावाला जातील तेव्हा तिकिटाचं मी बघते.

*ए-९०३ मावशी :* फुल तिकीट नको काढू. कॅन्सर पेशंटला ट्रीटमेंटच्या प्रवासाला स्लीपरमधे रेल्वे पैसे घेत नाही, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. हॉस्पिटलकडून त्याचा फॉर्म सही-शिक्का करून घ्यावा लागतो, एवढंच. आता मुख्य प्रश्न. सोशल वर्करकडे उद्या सकाळी कोण जाणार ह्यांच्यासोबत? माझा उद्या डोळ्याच्या डॉक्टरचा टाईम आहे. वॉचमन रात्रभर जागून परत तिकडे चार तास उभा राहणार का?

*सी-७०१ :* मी जातो. उद्या वर्क फ्रॉम होम आहे, लॅपटॉप घेऊन रांगेत बसेन 😄 काय काय घेऊ?

*ए-९०३ मावशी :* शाब्बास. टाटाची फाईल, दोघांचं आधार, जुनं रेशनकार्ड असेल तसं, नवीन कार्डासाठी अर्ज केल्याची पोच भावाने फोटो काढून पाठवलीये ती प्रिंट काढून. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. तिथे तू बोलू नकोस, त्या बाईला बोलू दे, तुझं इंग्लिश-मराठी ऐकून त्यांना वाटायचं ह्यांचं कुणीतरी आहे मुंबईत. राहायचं कुठे विचारलं तर सोसायटीच्या ऑफिसमधे झोपतोय, दहा दिवसांसाठी, असं खरं ते सांगायला सांग. आणि फाईल नंबर हातावर लिहून ने, तिथे नावाने कुणी शोधत नाही.

*सी-७०१ :* डन. सातला गेटवर.

*ए-९०३ मावशी :* साडेसहाला.