आधी बोअर, मग कॅम

मारुतीच्या जिप्सी किंगचं 1298 सीसी इंजिन उघडलंय आणि 40 हजारांत आधी कॅम (वॉल्व उघडणारा दांडा) घ्यावा की फ्री-फ्लो एग्झॉस्ट (धूर मोकळा जाऊ देणारा पाइप), असं विचारलंत. कळकळीने सांगतो, दोन्ही नंतर. आधी पैसा मशीन शॉपला, म्हणजे इंजिनचे भाग मापात कापून देणाऱ्या वर्कशॉपला.

0.50 मिमी ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा मोठ्या) पिस्टनने बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 74 चा 74.5 मिमी होतो, इंजिन जेमतेम 1316 सीसी. म्हणजे ताकद त्यातून येत नाही, ती येते नेमक्या फिटिंगमधून. पिस्टन आधी हातात घ्या आणि ते मोजूनच बोअर करायला सांगा. माझ्या वेळी एका शॉपने उलटं केलं. थंड इंजिन खडखडायचं, सगळं पुन्हा उघडावं लागलं. पिस्टनची रिंग बोअरमध्ये टाकून उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकला आणि फिलर गेजने (पातळ मापपट्ट्यांनी) रिंगच्या दोन टोकांमधला गॅप बघा. चारही सिलिंडरला, प्रत्येक रिंगची.

हेडचं, म्हणजे वॉल्व असलेल्या वरच्या भागाचं, काम स्वतः करा, फार समाधान मिळतं! ग्राइंडिंग पेस्टने वॉल्व त्याच्या सीटवर (बसायच्या जागेवर) घासा, तिथे सलग करडी कडी दिसली पाहिजे. मग पोर्टमध्ये (हेडमधल्या हवा-धुराच्या वाटेत) रॉकेल ओतून अर्धा तास ठेवा. वॉल्वपाशी थेंब जरी झिरपला तरी पुन्हा घासा.

टायमिंग बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), वॉटर पंप नवेच. उरलेल्या पैशात एग्झॉस्ट बघू.