मदत हवी आहे: गुंजेच्या बिया विषारी, मग विड्यातला पाला चालतो का? घरात वीस महिन्यांचा मुलगा आहे

कुंपणावरची_सायली:
नमस्कार. आम्ही चिपळूणजवळ राहतो. परसात कुंपणावर गुंजेची वेल आहे, सासूबाईंच्या लग्नाच्याही आधीची. त्या रोज दुपारी विडा लावताना चार पानं खुडून आणतात. पानं छान गोड लागतात, मीही खाते. सध्या शेंगा तडकल्यात आणि लालभडक बिया बाहेर डोकावताहेत.

गेल्या आठवड्यात लेकाच्या तोंडातून मी एक गुंज काढली. सासऱ्यांचे मामा सोनारकाम करायचे, त्यांचा गुंजांनी भरलेला पितळी डबा देवघरात असतो. तो याने उपडा केला होता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आम्ही गुंजा खेळत मोठ्या झालो, काही होत नाही." रात्री नवऱ्याने नेटवर वाचलं की यातलं विष एरंडाच्या बीमधल्या विषाच्या जातीचं आहे. तेव्हापासून झोप उडाली आहे.

एकाच वेलीचं पान गोड आणि बी जहरी, असं कसं? पाला बंद करायचा का? वेल उपटायची का? डब्याचं काय करू? आणि एखादी गुंज त्याने गिळलीच असेल तर मला कळणार कसं?

रात्रपाळी:
सायलीताई, बाकीचं नंतर. आधी सांगा, नक्की किती दिवस झाले? उलटी, जुलाब, शौचात रक्त, मूल मलूल, यातलं काही? तोंडातून काढलेली बी अख्खी होती की चावलेली?

कुंपणावरची_सायली:
आज नववा दिवस. काहीच झालं नाही, व्यवस्थित खातोय-खेळतोय. बी अख्खी होती, गुळगुळीत. मी धुऊन नीट बघितली.

रात्रपाळी:
मग त्या दिवसाची काळजी सोडा. लक्षणं दिसायची तर काही तासांत किंवा फार तर दोन-तीन दिवसांत दिसतात. तरी तुमच्या बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला. मी डॉक्टर आहे, पण तुमच्या मुलाला मी तपासलेलं नाही.

आता विषाचं. गुंजेतल्या विषाचं नाव ॲब्रिन. ते प्रथिन आहे आणि त्याचे दोन भाग असतात. एक भाग पेशीला चिकटून दाराची कडी काढतो, दुसरा आत शिरून प्रथिनं बनवणारा कारखाना बंद पाडतो. एरंडातलं रायसिनही असंच चालतं. सुरुवात पोटापासून होते: मळमळ, उलट्या, कळा, जुलाब, कधी रक्ताचे. मग अंगातलं पाणी कमी होतं, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर यकृत, मूत्रपिंडं. याला उतारा नाही. सलाईन, देखरेख, लवकर पोचलात तर दवाखान्यातली औषधी कोळशाची भुकटी. एवढंच हातात असतं.

तुमच्या मुलाला वाचवलं ते बीच्या टरफलाने. ते इतकं कठीण असतं की अख्खी गिळलेली गुंज बहुतेक वेळा जशीच्या तशी बाहेर पडते. चावली, फुटली, दळली किंवा भोक पाडलं, तर गोष्ट वेगळी. गिळल्याचा संशय आला तर मीठपाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. उरलेली बी सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा. गाडी नसेल तर 108. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास फोन घेतं, 1800 116 117. हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा, गुंजेखेरीजही उपयोगी पडतो.

बाराबंदी:
उगाच घाबरवताय. आम्ही शाळेत असताना पैजा लावून गुंजा गिळल्यात. ठणठणीत आहे मी.

रात्रपाळी:
गिळल्यात म्हणून ठणठणीत आहात. चावायची पैज लागली नाही हे नशीब. शिवाय वीस महिन्यांच्या पोराला "गिळ पण चावू नकोस" असं सांगून बघा.

मासातोळा:
सोनाराच्या घरातला आहे, म्हणून डब्याबद्दल बोलतो. फेकू नका हो! आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला शहाण्णव गुंजा. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा धरला तर एक गुंज साधारण 121 मिलिग्रॅमची पडते. वाटेल ती गुंज वजनाला चालत नसे. आमचे आजोबा ढिगातून निवडून एकसारख्या तेवढ्या ठेवत, बारक्या निघतील त्या पोरांना खेळायला देत. तुमच्या मामांच्या डब्यात निवडलेल्याच असणार. मी एकदा घरच्या काट्यावर दहा गुंजा तोलल्या, 1.17 भरल्या. आजोबांचा हिशेब फार चुकला नव्हता.

हे अवांतर झालं, माफ करा. डबा कुलपात ठेवा. देवघर पोरांच्या हाताला येतं.

ताईगिरी:
पाल्याबद्दल कोणीच बोललं नाही अजून. आमच्याकडे गाण्याच्या क्लासला बाई गुंजेची पानं चघळायला द्यायच्या, घसा मोकळा होतो म्हणून. पानवाल्याकडे आजही गुंजपाला मिळतो. मग तो विषारी असता तर?

वैद्य_परळकर:
पाल्याचा प्रश्न रास्त आहे. गुंजेच्या पानांत ज्येष्ठमधासारखा गोडवा असतो. संशोधकांनी त्यातले गोड घटक वेगळे काढले, ते साखरेच्या 30 ते 100 पट गोड निघाले. मूळही गोडसर, त्यामुळे ज्येष्ठमधात गुंजेच्या मुळांची भेसळ ही जुनी तक्रार. ॲब्रिनचा साठा मात्र बीत असतो. वेल पानं खुडू देते आणि बी राखते, असं म्हणा हवं तर. विड्यात चार पानं खाण्याची रीत फार जुनी आहे आणि त्याने कोणाला बाधल्याचं माझ्या पाहण्यात नाही. सासूबाईंचा विडा बंद करायचं कारण मला दिसत नाही. गरोदर बाईने मात्र गुंजेचं काहीच औषध म्हणून घेऊ नये, आणि पाला खुडताना त्यात शेंगेचा तुकडा किंवा बी आली नाही ना, हे बघायचं.

बीबद्दल आयुर्वेदाला काहीच भ्रम नाही. गुंजा उपविषांत मोजली आहे. वापरायचीच तर आधी शोधन: पुरचुंडी बांधून गाईच्या दुधात किंवा कांजीत टांगती ठेवून तासन्‌तास शिजवणं. विष प्रथिनाचं असल्याने उष्णतेने ते मोडतं, म्हणजे जुन्या लोकांच्या पद्धतीला आधार आहे. चाई पडल्यावर लावायच्या तेला-लेपात ती येते. सरकारी औषध नियमांतही विषारी द्रव्यांची वेगळी यादी आहे, अनुसूची ई-1. तीत बचनाग, कुचला, धोतरा यांच्या पंगतीत गुंजेची बी बसली आहे.

हे वाचून कोणी घरी दुधात गुंजा उकळायला बसू नका. नीट शिजली की नाही हे चाखून कळत नाही.

जुनाट_पोथी:
इंग्रजांच्या काळातल्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत गुंज हमखास भेटते, आणि तिथे ती माणसांपेक्षा गुरांच्या संदर्भात जास्त येते. गुंजेच्या लगद्याच्या वाळवलेल्या बारीक 'सुया' जनावरांच्या कातडीखाली टोचून त्यांना मारायचे गुन्हे तेव्हा इतके होते की तपासनीसांना त्यावर स्वतंत्र पानं लिहावी लागली.

याच बीचं पाणी 1882 मध्ये पॅरिसच्या लुई द वेकर या नेत्रवैद्याने खुपऱ्यांच्या रोग्यांच्या डोळ्यांत घातलं. ब्राझीलमधला घरगुती उपाय होता तो. जोराचा दाह उठवायचा आणि त्या दाहाने जुना रोग जिरवायचा, अशी कल्पना. काहींचे डोळे सुधारले, काहींचे गेले. पुढे 1891 मध्ये जर्मन संशोधक पॉल एर्लिखने रायसिन आणि ॲब्रिन उंदरांना थोडं थोडं वाढवत दिलं आणि शरीर विषाविरुद्ध तयार होतं हे दाखवलं. रोगप्रतिकारशास्त्राच्या पायात आपली गुंज आहे. आणि आपण तिला विड्यात आणि तराजूत ठेवून मोकळे.

चेन्नईकर_मावशी:
इकडे तिला कुंडुमणि म्हणतात. विनायक चतुर्थीला मातीच्या गणपतीला डोळे म्हणून दोन गुंजा बसवतात, फार गोड दिसतो! आणि एक सांगते, गुरुवायूरच्या देवळात मुलं ज्या लाल बियांत हात घालून खेळतात त्या गुंजा नव्हेत. त्या मंजाडी, म्हणजे आपली रतनगुंज. मोठ्या झाडाची बी, चपटी, सगळीच लाल, काळा डाग नाही. फोटो बघून लोक गोंधळतात. सायली, तुमच्या डब्यातल्या काळ्या डोळ्याच्या आहेत ना?

कुंपणावरची_सायली:
हो मावशी, काळ्या डोळ्याच्याच. काही पांढऱ्याही आहेत.

सगळ्यांचे आभार, जीव भांड्यात पडला. डबा आता कपाटात कुलपात आहे. एक राहिलं. माझ्या मावशीने बारशाला काळे मणी आणि गुंजा ओवून मनगट्या करून आणल्या होत्या, दृष्ट लागू नये म्हणून. त्या अजून त्याच्या हातात असतात. दात येतायत म्हणून तो त्या चघळत असतो. त्या घट्ट ओवलेल्या आहेत, सुटून गिळायची भीती नाही. तेवढं चालेल ना?

रात्रपाळी:
आत्ता काढा. हे वाचून व्हायच्या आधी काढा, मग पुढचं वाचा.

ओवायला भोक पाडावं लागतं. म्हणजे टरफल फुटलं. म्हणजे डब्यातल्या गुंजेला जे कवच होतं ते या गुंजांना नाही, आणि त्या रोज ओल्या तोंडात जातायत. तुम्ही डब्याला घाबरलात, पण धोका हातात बांधलेला होता. 2011 च्या अखेरीस इंग्लंडमधल्या ईडन प्रोजेक्ट या वनस्पती-उद्यानाने पेरूहून आलेली अशाच बियांची ब्रेसलेटं गिऱ्हाइकांकडून परत मागवली, ती याच कारणाने.

काढल्यावर प्रत्येक गुंज भिंगाखाली बघा. कुरतडलेली, टवका उडालेली किंवा एखादी कमी असेल तर आज, लगेच, मनगट्या पिशवीत घालून मुलाला दवाखान्यात न्या, लक्षणं नसली तरी. तुमचे हात धुवा, त्याचेही.

परसबाग:
डॉक्टरांनी सांगितलंय ते झालं की वेलीचं बोलू. उपटायचा खटाटोप करू नका, जुनी गुंज मुळातून पुन्हा फुटते. फ्लोरिडात ती परकी म्हणून शिरली आणि आता तिथल्या लोकांच्या नाकी नऊ आणते. तुम्हाला पाला हवाय, बी नको. म्हणजे फुलोऱ्यावर लक्ष ठेवा. पावसाळ्याच्या शेवटाकडे जांभळट-गुलाबी तुरे येतात, ते दिसले की छाटा. तुरा नाही तर शेंग नाही. पाला उलट जास्त फुटेल, आजी खूश.

यंदाच्या शेंगा तडकल्यात, तर आधी खाली जुनी चादर अंथरा. शेंग उलली तरी बिया बराच काळ तिला चिकटून राहतात, त्यामुळे घोसच्या घोस कापता येतात. पडलेल्या मात्र वाकून वेचाव्याच लागतील. तो कचरा कंपोस्टात टाकू नका, गुंज वर्षानुवर्षं मातीत पडून राहते आणि मग एका पावसात उगवते. आणि पोराला कुंपणाच्या बाजूला एकटं सोडू नका. लाल रंग पक्ष्यांना बोलावतो, पोरांनाही.

बाराबंदी:
मनगट्यांचं वाचलं. माझं वरचं मागे घेतो.

कुंपणावरची_सायली:
काढल्या. हात थरथरत होते. दोन्ही मिळून नऊ गुंजा आहेत. मावशीला फोन केला, तीही म्हणाली नऊच ओवल्या होत्या, एका हातात पाच आणि एकात चार, कारण तिच्याकडची दहावी ओवताना फुटली. (तिला विचारलं तुकडे कुठे टाकले, तर म्हणे झाडून काढले असतील.) भिंगाने बघितल्या. सातांना काही नाही. दोघींच्या भोकाजवळ कड उडाल्यासारखी वाटते, ती आधीची की याच्या दातांची ते कळत नाही. निघतोय दवाखान्यात.

कुंपणावरची_सायली:
आलो. डॉक्टरांनी मनगट्या ठेवून घेतल्या, रक्त तपासलं, रात्रभर तिथेच ठेवलं. आज सोडलं. सगळं ठीक आहे. तीन दिवस लक्ष ठेवायला सांगितलंय आणि परवा पुन्हा दाखवायचं आहे. तिथल्या सिस्टरही म्हणाल्या, त्यांच्या भाचीच्या हातात अशाच मनगट्या आहेत. त्यांनी तिथूनच घरी फोन लावला.

सासूबाई रात्रभर जाग्या होत्या. सकाळी मी यायच्या आत त्यांनी स्वतः वेलीखाली लुगडं अंथरून दोन टोपल्या शेंगा कापून ठेवल्या होत्या. पाला शिल्लक ठेवलाय. मला म्हणाल्या, "पानं तेवढी राहू देत, आणि दृष्टीला मीठमोहऱ्या पुरतात."

मासातोळा, त्या दोन टोपल्या तुम्हाला नकोत ना?

मासातोळा:
नकोत ताई. माझ्याकडे आजोबांच्या आहेत. आणि आता त्यांनाही कुलूप लावलंय.