मदत हवी आहे: विद्यार्थी आपल्याच शिक्षकांशी मोकळं बोलतील, असा अभ्यास कसा आखावा?

नमस्कार मंडळी,

मी खान्देशातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) शिकवते. आमच्या भागात धुळ्याचं शासकीय कॉलेज १९८९ पासूनचं, जळगावचं २०१८ मध्ये सुरू झालं आणि नंदुरबारचं २०२० मध्ये. मोठ्या शहरापासून लांबच्या अशा कॉलेजांत एमबीबीएसची मुलं काय शिकतात, त्यांना काय जड जातं, यावर मुलाखती घेऊन गुणात्मक अभ्यास करायचा आहे.

परदेशात या विषयावर भरपूर काम झालंय. कॅनडातलं नॉर्दर्न ओंटारिओ स्कूल ऑफ मेडिसिन २००५ मध्ये सडबरी आणि थंडर बे अशा दोन ठिकाणी सुरू झालं. पण तिथे प्रवेश देतानाच त्या भागातल्या, ग्रामीण मुलांना प्राधान्य असतं. आपल्याकडे नीटचे मार्क आणि कॅप राउंड (केंद्रीय प्रवेशफेरी) नेईल तिथे जायचं. त्यामुळे त्यांचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावणं मला पटत नाही.

आधी कॉलेजातलं शिकण्याचं वातावरण मोजणाऱ्या ‘ड्रीम’ (DREEM) प्रश्नावलीचा विचार होता. ५० विधानं, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण २००. राहायची जागा चांगली आहे का, हे त्यात आहे. पेशंटची बोली कळते का, हे कुठेच नाही. आणि आमच्याकडे गाडी नेमकी तिथेच अडते.

एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडा बदलून. फॅमिली अडॉप्शनसाठी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मुलं गावातली कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या तब्येतीकडे लक्ष ठेवतात, त्यासाठी) आम्ही सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर गेलो होतो. अंगणात खाटेवर बसलेल्या आजी पावरीत, म्हणजे तिथल्या आदिवासी बोलीत, बोलत होत्या. त्यांच्या समोरची मुलगी पुण्याकडची, तिचं पेन कागदावर तसंच थांबलेलं. बॅचमधला एकच मुलगा पावरी बोलणारा. एका घरातून हाक आली की तिकडे, दुसऱ्या घरातून आली की तिकडे. दुपारपर्यंत त्याने सगळ्यांच्या हिस्ट्री (घरच्यांच्या तब्येतीच्या नोंदी) पुऱ्या करून दिल्या, त्याचं स्वतःचं लॉगबुक मात्र कोरंच राहिलं. त्या दिवशी तो काय शिकला, त्याला काय वाटलं, हे मला त्याच्याकडूनच ऐकायचं आहे. माझ्या लेखी अख्ख्या अभ्यासाचा जीव त्यातच आहे.

अडचण अशी की त्याचे इंटर्नलचे मार्क आमच्याच विभागाच्या हातात. मी विचारलं तर तो ‘सगळं छान आहे मॅडम’ म्हणेल, आणखी काय म्हणणार? दुसरं म्हणजे, नाव गाळून नुसतं ‘पावरी बोलणारा विद्यार्थी’ लिहिलं तरी कॉलेजच्या शिपायापर्यंत सगळ्यांना कळेल कोण ते. तालुका आणि बोली दोन्ही काढून टाकली तर त्याच्या म्हणण्यात उरतं काय?

ज्यांनी असं काम केलंय त्यांना विचारायचं आहे. मुलाखती दुसऱ्या कॉलेजच्या किंवा समाजकार्य शाखेच्या लोकांकडून घेतल्या तर मुलं खरंच मोकळी होतात का? की इंटर्नशिप लागेपर्यंत, म्हणजे मार्कांचा धाक संपेपर्यंत थांबावं? त्यात आठवणी पुसट होतात ही भीती आहे. गटचर्चा मला इथे धोक्याची वाटते, कारण हॉस्टेलमध्ये शब्द फिरतो; तरी कुणाचा अनुभव वेगळा असेल तर जरूर सांगा. आणि धुळे, जळगाव, नंदुरबार अशी तिन्ही जिल्ह्यांतली मुलं एकत्र घेऊन ‘खान्देशातली कॉलेजं’ एवढंच लिहिलं तर ओळख झाकायला पुरेसं होईल का? तसं करायचं तर तिन्हीकडच्या एथिक्स कमिट्यांची मंजुरी लागेल, हे धरून चालले आहे.

रेकॉर्डिंग ऐकून उतरवून काढायला अहिराणी येणारे सहकारी आहेत, पावरीसाठी मात्र कॉलेजबाहेरचं माणूस हवंय. कुणाच्या ओळखीत असेल तर कळवा. प्रस्ताव पुढच्या महिन्यात द्यायचा आहे, त्यामुळे मराठीतल्या संमतीपत्रकाचा नमुना कुणाकडे असेल तर आधी तोच पाठवा.