'दुसऱ्या दुकानात जा' म्हणणाऱ्यांसाठी: इंडियाना, केक आणि धर्मस्वातंत्र्य

सडेतोड_सुनंदा
परवा इथे 'अमेरिकेतले बिचारे ख्रिश्चन दुकानदार' असा लेख आला. सार एवढंच, की श्रद्धाळू बेकरीवाल्याने समलिंगी जोडप्याला लग्नाचा केक नाकारला तर त्यांनी दुसरं दुकान गाठावं, आणि इंडियाना राज्याचा २०१५चा धर्मस्वातंत्र्य कायदा म्हणजे क्लिंटनच्याच १९९३च्या कायद्याची नक्कल. खाली +१ची रांग. राहवेना, म्हणून वेगळा धागा.

१९९३चा कायदा आला कुठून? ओरेगनमधल्या दोघा समुपदेशकांनी नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या विधीत पेयोटी (निवडुंगापासूनचा नशा आणणारा पदार्थ) घेतलं. नोकरी गेली, बेकारभत्ताही नाकारला. १९९०मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले आणि निकाल लिहिला तो स्कॅलियांनी, उजव्यांच्या लाडक्या न्यायमूर्तींनी! त्यावर डावे-उजवे एकत्र आले, सेनेटमध्ये ९७ विरुद्ध ३. सरकारला कुणाच्या धर्माचरणावर मोठा बोजा टाकायचा असेल तर तेवढंच सबळ कारण हवं, एवढाच मुद्दा. *सरकारला.*

इंडियानाने त्यात नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्या घातल्या, वर दोन खासगी पक्षांच्या दाव्यातही हा बचाव चालेल असं लिहून टाकलं. गव्हर्नर पेन्स यांनी २६ मार्चला बंद दाराआड सही केली. फोटोत मागे नन्स आहेत आणि समलिंगी विवाहाविरुद्ध लॉबिंग करणारी मंडळीही आहेत. तीन दिवसांनी टीव्हीवर विचारलं, फुलवाला गे जोडप्याला नकार देऊ शकतो का, हो की नाही? साहेब गोल गोल फिरले. कॉलेज खेळांची संघटना एनसीएए, सॉफ्टवेअर कंपनी सेल्सफोर्स अंगावर आले तेव्हा २ एप्रिलला दुरुस्ती.

तिथे समलिंगी विवाह ऑक्टोबर २०१४पासूनच होत होते. लढाई हरल्यावर आपल्या मतदाराला काहीतरी हातात द्यायला हवं, म्हणून हा कायदा. देवाधर्माचा संबंध तेवढ्यापुरता.

कार्मेलकर
ताई, मी इंडियानात राहतो. तुम्ही टीव्ही बघता.

कोलोरॅडोचे बेकरीवाले जॅक फिलिप्स २०१२मध्ये एका समलिंगी जोडप्याला म्हणाले, वाढदिवसाचा केक, कुकीज, हवं ते घ्या, लग्नाचा केक करणार नाही. हा माणूस हॅलोविनचेही केक करत नाही. गिऱ्हाईक नाकारलं की काम? २०१८ला सर्वोच्च न्यायालयात ७-२ने जिंकले.

आणि आमच्या इंडियानातलं वॉकर्टन गाव. पिझ्झावाल्याच्या मुलीने बातमीदाराला सांगितलं, गे लग्नाला पिझ्झा पुरवणार नाही. कुणी मागितलाही नव्हता! धमक्या आल्या, दुकान बंद ठेवावं लागलं. याला सहिष्णुता म्हणायची? १९९३च्याच कायद्याच्या जोरावर २०२२मध्ये शीख तरुणांनी पगडी-दाढीसह अमेरिकेच्या मरीन सैन्यदलात जायचा दावा जिंकला, ते सोयीस्कर विसरलात.

सडेतोड_सुनंदा
विसरले नाही. त्यांच्या डोक्यावरच्या पगडीने कुणाचा केक अडला? आणि ते ७-२ नीट वाचा. फिलिप्स जिंकले ते त्यांच्याविरुद्ध निर्णय देणाऱ्या कोलोरॅडोच्या नागरी हक्क आयोगाच्या सदस्यांनी त्यांच्या धर्माबद्दल हिणकस बोललं म्हणून. दुकानदाराला नकाराचा हक्क आहे का, यावर कोर्टाने हात झटकले.

पिझ्झावाल्यांना लोकांनी आठ लाख डॉलरच्या वर वर्गणी दिली, तेही लिहा की.

पळीपंचपात्र
साउथ कॅरोलायनात बार्बेक्यूचा एक मालक होता. काळ्यांना शेजारी बसवून वाढणं देवाला मान्य नाही म्हणाला. १९६८ला सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव साफ उडवून लावला. तेव्हाही तो 'श्रद्धा'च म्हणत होता.

कार्मेलकर
वाटच बघत होतो, कधी वर्णद्वेष काढताय याची. झालं, सगळे श्रद्धाळू आता कू क्लक्स क्लॅनवाले, गोरे वर्णद्वेष्टे.

मुलुंडचा_मासेखाऊ
कशाला अमेरिकेत जाताय? मुलुंड पश्चिमेला टू बीएचके बघायला गेलो. टोकन द्यायची वेळ आली आणि सेक्रेटरी आईकडे बघून विचारतो, "नॉनव्हेज?" आई म्हणाली, "फक्त मासे." एजंटने तिथल्या तिथे किल्ली खिशात घातली. तिथेही धर्मस्वातंत्र्यच का?

शुद्ध_तूप
सोसायटी खासगी असते, साहेब. २००५मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीला फक्त पारशीच सभासद घ्यायची मुभा सर्वोच्च न्यायालयाने दिली. बोंबलाचा वास आम्ही का सोसायचा?

मुलुंडचा_मासेखाऊ
आला! मुंबई कुणाची आणि वास कुणाला! तुमच्या फोडणीतल्या हिंगाला कधी नाक मुरडलं आम्ही?

शुद्ध_तूप
भाषा सांभाळा.

पळीपंचपात्र
हिंगावर आलात म्हणजे धागा कोकणात पोचला.

नुसता_वाचक_७
सहसा लिहीत नाही. मी आणि माझा जोडीदार पुण्यात घर शोधत होतो. मासे खात नाही, पक्के शाकाहारी. मालकीणबाईंनी चहा दिला, तुळशीला पाणी घालायची अट सांगितली, तीही मान्य. मग "दोघांची लग्नं कधी?" आम्ही खरं सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत काही. "आमच्याकडे देव आहेत हो," एवढंच म्हणाल्या आणि कप उचलून नेले. 'दुसऱ्या दुकानात जा' हे एका दुकानात ऐकलं तर चालतं हो. पण पुढच्या गल्लीतही तेच असतं.

शुद्ध_तूप
तुमच्याबद्दल वाईट वाटलं. पण घर बाईंचं आहे.

मुलुंडचा_मासेखाऊ
वाईट वाटलं म्हणे! तुमच्या बिल्डिंगमध्ये देता का त्यांना जागा? ते तर शाकाहारी आहेत.

कार्मेलकर
थांबा जरा. माझी शेजारीण इव्हँजेलिकल, म्हणजे कट्टर बायबलनिष्ठ प्रोटेस्टंट आहे. बायकोच्या ऑपरेशननंतर आठवडाभर तिने जेवण पाठवलं, आम्हाला बीफ चालत नाही हे लक्षात ठेवून. २०१६ला ट्रम्पना मत दिलं. माणूस आवडला म्हणून नाही. आपल्या विचारांचे न्यायमूर्ती हवे होते आणि चर्चची शाळा सरकारने मोडू नये, ही भीती. गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी दहातल्या आठांनी तेच केलं. त्यांना द्वेष्टे म्हणून मोकळं होणं सोपं आहे.

सडेतोड_सुनंदा
बाई चांगल्या असतील. पुण्यातल्या मालकीणबाईही चहा देतात. भीती चर्चच्या शाळेची असेल तर उपाय इंडियानाच्या कायद्याच्याच महिन्यात, मार्च २०१५ला, यूटा राज्याने दाखवला होता. मॉर्मन चर्चच्या पाठिंब्याने कायदा झाला: घर आणि नोकरीत समलिंगींना संरक्षण, धार्मिक संस्थांना सूट. पेन्स यांना हे जमलं नसतं?

कार्मेलकर
यूटाच्या कायद्यात दुकानं नाहीत, हे शिताफीने गाळलंत. केकवाला तिथेही मोकळाच. आणि कोर्टाने २०२३ला ६-३ने समलिंगी लग्नांच्या वेबसाइट करायला नकार देणाऱ्या बाईंच्या बाजूने निकाल दिलाय, तुमच्या आक्षेपांची वाट न बघता.

घराचं मात्र मान्य. डोक्यावरचं छप्पर आणि केक यांत फरक आहे. घ्या, एवढं दिलं, आता सत्यनारायण घाला.

सडेतोड_सुनंदा
घालते की. प्रसादाला 'दुसऱ्या घरी जा' म्हणणार नाही, काळजी नसावी.

शुद्ध_तूप
हिंगाबद्दल कुणी माफी मागणार आहे का?