एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे उदाहरण

सार्वजनिक व्यवस्थापनाच्या प्राध्यापकाने आधी सरकारी नोकरी केलेली असलीच पाहिजे, हा मुद्दा मला पटत नाही. अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांची कारकीर्द बघा. अर्थशास्त्रात पीएचडी करायची होती, पण गणित कमी पडते म्हणून प्रवेश मिळाला नाही. मग राज्यशास्त्रात पीएचडी केली. 1965 साली पतीला इंडियाना विद्यापीठात नोकरी लागली. यांच्या वाट्याला आला सकाळी साडेसातचा तास, तोही शनिवारसकट, कारण तो घ्यायला दुसरे कोणी नव्हते!

पण पुढचे काम खरे महत्त्वाचे. छोटी पोलीस खाती एकत्र करून एकच मोठे खाते केले की कारभार सुधारतो, असे तेव्हा सगळे धरून चालले होते. बाईंनी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन इंडियानापोलिस परिसरातल्या सारख्या वस्त्यांची तुलना केली, रहिवाशांनाच प्रश्न विचारले. छोट्या खात्यांची सेवा सरस निघाली. पोलिसांवरचे हे काम साधारण 15 वर्षे चालले. नंतर नेपाळमधले शेतकऱ्यांनी चालवलेले पाटबंधारे अभ्यासले, तिथेही स्थानिक लोकांनी चालवलेली व्यवस्थाच सरस निघाली. 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

नोकरीच्या अनुभवाला मी कमी लेखत नाही, वर्गात तो फार उपयोगी पडतो. पण खात्यात बसलेल्या माणसाला आपलेच खाते दिसते. चाळीस खाती शेजारी ठेवून बघायला वेळ आणि मोकळीक लागते, ती विद्यापीठातच मिळते. बढतीसाठी दर वर्षी शोधनिबंध मोजायला लागलो, तर पंधरा वर्षे एकाच प्रश्नामागे कोण लागेल?