मदत हवी आहे: मिलिंग मशीनसाठी स्टेपर ड्रायव्हर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. एक्स-२ जातीचं छोटं मिलिंग मशीन सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणारं) करायला घेतलंय. तिन्ही अक्षांना नेमा २३ आकाराच्या स्टेपर (पावलापावलाने फिरणाऱ्या) मोटर, ३ अँपिअरच्या, बॉलस्क्रू १६०५ (१६ मिमी व्यास, एका फेऱ्यात ५ मिमी सरक). कंट्रोलरवर जीआरबीएल हे मोफत सॉफ्टवेअर.

अडलंय ड्रायव्हरपाशी, म्हणजे मोटरला करंट पुरवणाऱ्या भागापाशी. टीबी६६०० स्वस्त आहे, पण तो ४० व्होल्टच्या आसपासच थांबतो आणि कमी व्होल्टेजवर मोटरचा वेग वाढला की टॉर्क पडतो. डीएम५४२ ला ५० व्होल्टपर्यंत चालतं. मग सप्लाय ३६ चा घ्यावा की ४८ चा? झेडचं (उभ्या अक्षाचं) जड हेड खाली येताना ब्रेक लागला की मोटर उलटा करंट ढकलते आणि व्होल्टेज ५० च्या वर चढू शकतं, म्हणून ४८ ला जरा धाकधूक वाटते.

झेडला नेमा ३४ ही मोठी मोटर आणि तिला डीएम८६० ड्रायव्हर लावलंय का कुणी? अल्युमिनियमच कापायचंय, स्टीलचा हट्ट नाही. मायक्रोस्टेपिंग (मोटरच्या एका पावलाचे बारीक भाग) किती ठेवता तेही सांगा.